कटरबाईंचं खडूचं फर्निचर

कटरबाईंच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्याला दारातच बजावावं लागतं, "जपून हं, टेबल आहे." पाहुणा खाली बघतो तर मोकळी फरशी. फरशीवर पांढऱ्या खडूने आखलेला एक लांबट चौकोन आणि चारही कोपऱ्यांत एकेक छोटा गोल, म्हणजे टेबलाचे पाय. पाहुणा गालातल्या गालात हसतो आणि सरळ चौकोनातून चालत खुर्चीपर्यंत येतो. मग घरातली माणसं त्याच्याकडे अशी काही बघतात, की बिचारा बसल्यावरही पाय आखडूनच बसतो.

समोरच्या दारातली इस्त्रीवाली ही हकिगत जिन्यात भेटेल त्याला सांगते आणि सांगताना पदरचे दोन चमचे घालते. तिच्या म्हणण्याप्रमाणे कटरबाई रोज सकाळी त्या खडूच्या टेबलावरून फडकं फिरवतात. हे मात्र साफ खोटं. फडकं फिरवलं तर टेबलच पुसलं जाईल, एवढा विचार इस्त्रीवालीने करायला हवा होता. पण विचार करत बसली असती, तर तिच्या दुकानात कपडे घ्यायला आलेली माणसं तासतासभर कशाला रेंगाळली असती?

कटरबाई म्हणजे शर्टांच्या कारखान्यात कापड कापणाऱ्या बाई. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर पुठ्ठ्याचे नमुने ठेवायचे, चपट्या खडूने त्यांच्या कडेने रेघा मारायच्या, आणि मग लगेच कापायचं नाही. आधी चहा पिऊन यायचं. परत येऊन त्या रेघांकडे असं बघायचं, जणू दुसऱ्याच कुणीतरी मारून ठेवल्यात. बाही अर्ध्या इंचाने आखूड झाली तर एकदम साठ माणसांची मनगटं उघडी पडणार! चौतीस वर्षांत असं एकदाही झालं नाही. कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, बाईंनी लग्नाला हो म्हणण्याआधी नवऱ्याभोवतीसुद्धा खडू फिरवला असणार आणि चहाला गेल्या असणार. नवऱ्याला विचारलं तर ते म्हणतात, "गेली होती ना. दीड वर्षाने परत आली."

नवरा लिफ्टमन. एका अकरा मजली कचेरीत त्यांनी उभी हयात लिफ्ट चालवली. इतकं वर चढून पुन्हा इतकं खाली आलेला माणूस शोधून सापडायचा नाही. लिफ्टमधल्या स्टुलावर अर्धे डोळे मिटून बसायची त्यांना अशी सवय झाली होती, की घरीसुद्धा दार वाजलं की ते डोळे न उघडताच विचारायचे, "कितवा?" इस्त्रीवाली एकदा चिडून म्हणाली, "अहो काका, समोरची आहे मी!" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मग चालत जा."

तर बाईंना घरात सतत काहीतरी करत राहायची भारी हौस. कारखान्यातून उरलेल्या कापडाच्या कडा आणून गोधडी कर, बाटल्यांचे दिवे कर, जुन्या खिडकीच्या चौकटीचा आरसा कर. करवत, रंधा, हातोडी हे सगळं त्या कातरीइतक्याच सहज चालवायच्या. करायचं कसं हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. काय करायचं, याचा मात्र पडायचा. मासिकातलं एक चित्र बघितलं की त्यांना ते करावंसं वाटे, दुसरं बघितलं की तेही. घर अडीच खोल्यांचं, आणि डोक्यात चाळीस खोल्यांचं सामान.

म्हणून त्यांनी कारखान्यातली रीत घरात आणली. जे करायचं मनात येईल ते आधी खडूने आखायचं. अगदी खऱ्या मापात, खऱ्या जागी. फडताळ असेल तर भिंतीवर, पेटी असेल तर फरशीवर. आणि मग तीन आठवडे त्या वस्तूसोबत राहायचं. तिला वळसा घालून जायचं, तिच्यावर पाय द्यायचा नाही, ती आहेच असं धरून चालायचं. तीन आठवड्यांत कुणाला तिची सवय झाली नाही, तर ओल्या फडक्याने पुसून टाकायची.

सवय झाली हे ओळखायचं कसं? ते ठरवलं एका साखरेच्या बरणीने. बाईंनी चुलीशेजारच्या भिंतीवर एक फळी आखली होती. लिफ्टमन सकाळी चहा करत होते. साखर घातली, झाकण लावलं आणि बरणी हळूच त्या फळीवर ठेवली. खडूच्या फळीवर! मग स्वयंपाकघरभर काच आणि साखर, आणि लिफ्टमन आपल्या हाताकडे बघत उभे. बाई धावत आल्या. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मात्र नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "फळी झालीच म्हणायची. उद्या करते." तेव्हापासून घरात कायदाच झाला. ज्या खडूवर कुणाच्या हातून चुकून वस्तू ठेवली जाईल, ते करायचं. बाकीचं पुसायचं. चपलांचं कपाट पुसलं गेलं, झोपाळा पुसला गेला, मासे ठेवायच्या काचपेटीचा चौथरा महिनाभर राहून पुसला गेला. त्यावर कुणी काही ठेवलं नाही हे माशांचं नशीब.

या घरात तिसऱ्या प्रहरी गेलं की डोळे थोडे मिटल्यासारखे वाटतात. बाल्कनीच्या दारातून ऊन आत सरकतं आणि खडूच्या रेघांवरून चढत जातं. खऱ्या खुर्चीची सावली पडते, खडूच्या पेटीची पडत नाही, तरी बघता बघता वाटायला लागतं की पडलीय. लाकडाचं एक घर आणि खडूचं एक, आणि माणसं दोन्हींतून एकाच संथ चालीने फिरत असतात. कुणी कुठे वळलं तर ते कशाला वळलं हे विचारायचं नसतं. नसलेल्या पेटीला वळसा घालूनच इथे माणसं पाणी प्यायला जातात.

मग कारखान्यात कापणारं यंत्र आलं आणि बाईंची नोकरी संपली. मालकाने शेवटच्या दिवशी विचारलं, "बाई, आठवण म्हणून काय देऊ? भिंतीवरचं घड्याळ आणलंय." बाई म्हणाल्या, "घड्याळ राहू दे. त्या कापायच्या टेबलाची माझ्या बाजूची फळी द्या." आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन बोटं जाडीची अखंड फळी. इमारतीला लिफ्ट नाही. चार माणसांनी ती तीन मजले जिन्याने चढवली आणि लिफ्टमन मागून "सावकाश, सावकाश, बंद होतंय हं दार" असं म्हणत आले. आतल्या बोळात ती भिंतीला टेकून उभी राहिली. घरात लांबलचक पाहुणा आल्यासारखं झालं. येणारा जाणारा प्रत्येकजण अंग तिरकं करून तिच्यासमोरून जायचा.

फळी एक. तिचं काहीतरी एकच होणार. लिफ्टमनना बाल्कनीच्या दारात बाक हवा होता. बाईंना स्वतःला स्वयंपाकघरात ओटा वाढवायचा होता. बाईंनी बाक पिवळ्या खडूने आखला, ओटा निळ्याने. आणि दोन्हीकडे अजून नीट बघायच्या आत लेक घरी आली.

लेकीला लहानपणापासून सगळे खारू म्हणतात. खारीसारखी होती, म्हणजे एका जागी बसायची नाही. बारा वर्षं ती दुसऱ्या गावी एका चष्म्याच्या दुकानात होती, डोळे तपासायची आणि भिंगं बसवायची. आता त्याच दुकानाने इथे शाखा काढली आणि तिला पाठवलं. आली ती एक बॅग आणि पुस्तकांचं एक खोकं घेऊन. आल्या आल्या म्हणाली, "तात्पुरती हं आई. दुकानाजवळ एक खोली बघून ठेवलीय. घरमालकीण आजी पुढच्या महिन्यात किल्ली देतील. तीन आठवडे फक्त."

"बरं," आई म्हणाली.

ह्या "बरं"मागे मोठी कथा आहे, आणि ती इस्त्रीवालीलाही पुरती ठाऊक नाही. तेरा वर्षांपूर्वी लेकीला पहिली नोकरी लागली तेव्हा बाई एकच शब्द बोलल्या होत्या, "थांब." लेक थांबली. वर्षभर थांबली. ती नोकरी गेली, आणि त्या वर्षात मायलेकींनी एकमेकींना जे ऐकवलं त्याने भिंतीचा रंग उडाला असता. दुसरी नोकरी मिळाल्यावर लेक निघाली ती निरोपालासुद्धा मागे वळून न बघता. बाईंनी त्याच दिवशी स्वतःला बजावलं, हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. आणि आता लेक तीन आठवड्यांसाठी समोर बसलेली. ती राहावी असं बाईंच्या मनात इतकं होतं, की रात्री कूस बदलतानाही त्या "थांब" गिळत असाव्यात.

"अगं, सरळ विचार की," लिफ्टमन म्हणाले. "तोंड दिलंय ना देवाने?"

"दिलंय. म्हणून तर धरून ठेवलंय," बाई म्हणाल्या.

"मग मी विचारतो."

"तुम्ही 'कितवा' सोडून काही विचारलंय का आजवर?"

लेक घरात वावरायची ती पाहुणीसारखी. टॉवेल कुठे वाळत घालू, असं विचारायची. बॅगेतले कपडे वरून काढायची आणि वरच ठेवायची, खालच्या थराला हात नाही. बाईंना थरांची भाषा कळते. खालचे कपडे बाहेर आले नाहीत, म्हणजे माणूस आलेलंच नाही.

बाईंनी मग पांढरा खडू घेतला आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात एक पलंग आखला. साडेसहा फूट लांब, उशाशी पुस्तकांची फळी, बाजूने पडद्याची रेघ. बोळातली फळी त्याला जेमतेम पुरत होती. तोंडाने काही बोलायचं नव्हतं, पण खडूने बोलायला बंदी थोडीच होती! संध्याकाळी लेक आली. पलंगापाशी थबकली, खाली बघितलं, आणि पडद्याच्या रेघेला जराही धक्का न लावता, परक्याच्या अंथरुणाला पाय लागू नये तशी, कडेकडेने निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. पहिला आठवडा संपला. पलंगावर ना चष्मा ठेवला गेला, ना पुस्तक, ना हातातली पिशवी. लेक झोपायची बाहेरच्या दिवाणावर, पाय मुडपून.

इकडे लिफ्टमननी वेगळाच उद्योग चालवला होता. एका दुपारी बाई आत गोधडीला टाके घालत होत्या. बाल्कनीच्या दारातून आवाज आला, "अरेरे!" आणि पाठोपाठ बिस्किटांचा पत्र्याचा डबा फरशीवर आदळल्याचा खणखणाट.

"अगं, बघ," लिफ्टमन म्हणाले, "बाकावर ठेवायला गेलो आणि पडला की. सवयच झालीय. काय करणार!"

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, डबा ठेवलात की टाकलात?"

"ठेवला. देवाशप्पथ ठेवला."

"मग तुमचं 'अरेरे' डब्याच्या आधी कसं पडलं?"

लिफ्टमननी डोळे मिटून घेतले.

"खरी चूक असते ना," बाई डबा उचलता उचलता म्हणाल्या, "तिच्यात हात आधी भरवशाने सोडतो. मग आवाज होतो. मग माणूस हाताकडे बघतं. आणि बोलणं त्यानंतर. त्याचा आवाजच वेगळा." लेक दिवाणावर बसून हे ऐकत होती. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. "बाबा, पुढच्या वेळी काचेचं काहीतरी पाडा," ती म्हणाली. "पत्र्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"तू कोणाच्या बाजूची गं?"

"मी पाहुणी. पाहुण्यांना मत नसतं."

बाईंचा टाका चुकला. त्यांनी तो उसवला आणि परत घातला.

एकदा इस्त्रीवाली आली तेव्हा तिने तर कमाल केली. गप्पांच्या भरात तिने निळ्या ओट्यावर कपड्यांचं गाठोडं ठेवलं, आणि ते धप्पकन खाली गेलं. "हा घ्या तुमचा ओटा!" ती आनंदाने ओरडली. पण बाईंनी मान हलवली. बाहेरच्या माणसाची चूक धरायची नाही, हेही कायद्यात होतं. इस्त्रीवाली ते अजून विसरलेली नाही. जिन्यात ती सांगते, "माझं गाठोडं काय, कुणी मला मेलीला धरतच नाही!"

दुसरा आठवडा संपत आला तेव्हा तिसऱ्याची वाट न बघताच बाईंनी पलंग पुसला. पुसला म्हणजे कसा, तर खाली बसून, कोपऱ्याकोपऱ्याने, जणू आतलं कुणी जागं होऊ नये. मग खडू हातातच राहिला. त्या बाहेरच्या खोलीत आल्या. खिडकीखाली उन्हाचा एक चौकोन पडला होता. बाईंच्या मनात तेव्हा काहीच नव्हतं. मासिकातलं चित्र नाही, माप नाही. त्यांनी उन्हाच्या कडेने नुसता खडू फिरवला. मग पाय काढले. मग थोडं मागे होऊन बघितलं. टेबल झालं होतं. ऊन सरकून गेलं आणि टेबल तिथेच राहिलं.

संध्याकाळी लेक आली. "हे काय?"

"टेबल."

"कुणाचं?"

"अजून कुणाचं नाही."

"मग कशाला?"

"आखून बघितलं," बाई म्हणाल्या. "आखायला काय लागतं?"

लेकीने टेबलाला वळसा घातला आणि खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. बाईंनी पाहिलं, पलंगाला घालायची तसा हा वळसा नव्हता. थोडा जवळून होता. पण त्यांनी स्वतःलाच दटावलं. चौतीस वर्षं रेघा मारल्यात, आता रेघांत नको ते वाचू नकोस.

तिसरा आठवडा स्वप्नात चालल्यासारखा गेला. बाई दिवसभर घरात फिरत राहायच्या. बोळातल्या फळीवरून हात फिरवायच्या, तिच्यावर कातरीच्या टोकाने पडलेले ओरखडे बोटांनी चाचपायच्या. मनातल्या मनात त्या फळीचा बाक करायच्या आणि त्यावर लिफ्टमनना बसवायच्या. मग ओटा करायच्या आणि स्वतः उभ्या राहायच्या. मग टेबल करायच्या. टेबल केलं की मात्र त्यांना पुढचं दिसायचंच नाही, नुसतं ऊन दिसायचं. लेक सकाळी जायची, संध्याकाळी यायची. शनिवारी तीन वाजता आजींकडून किल्ली घ्यायची, असं तिने फोनवर दोनदा पक्कं केलं. दोन्ही वेळा बाई भाजी निवडत होत्या आणि दोन्ही वेळा त्यांनी चांगलीच पानं केराच्या टोपलीत टाकली.

शनिवार उजाडला. लेकीला सुट्टी होती. ती खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. बॅग दारापाशी, चेन लावलेली. लिफ्टमन पिवळ्या बाकाच्या आत, म्हणजे फरशीवर, भिंतीला टेकून डुलक्या घेत होते. जेवणं झाली होती. दोनचा सुमार. बाईंनी चहा केला आणि दोन्ही हातांत दोन कप घेऊन बाहेर आल्या.

"ती खोली कशी आहे गं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी सहज काढला होता.

"छोटी आहे. पण हवा येते."

"आणि ऊन?"

"ऊन नाही. समोर भिंत आहे."

"मग वाचशील कुठे बसून?" असं म्हणत बाईंनी उजव्या हातातला कप लेकीसमोर टेबलावर ठेवला, तिचा हात सहज पोचेल असा, कपाचा कान तिच्याकडे वळवून. डाव्या हातातला कप त्या तोंडाशी नेत होत्या, तेवढ्यात फुटल्याचा आवाज झाला.

चहा फरशीवर पसरला आणि टेबलाचा एक पाय त्यात विरघळला. बाई उजव्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या. बोटं अजून कपाच्या कानाच्या मापाची वाकलेली होती. लेक पुस्तकाआडून बघत होती.

मग डोळे न उघडता बाकातून लिफ्टमन म्हणाले, "हा खरा आवाज."

"घसरला हात," बाई म्हणाल्या.

"तुझा?" लेक म्हणाली. "आई, तुझा हात?"

बाई खाली बसून काचा गोळा करू लागल्या. आजवर या घरात सगळ्यांना खडूने फसवलं होतं, बाईंना कधीच नाही. त्या आखणाऱ्या. खडू कुठे आहे आणि लाकूड कुठे, हे झोपेतही त्यांना माहीत असायचं. लेकीला हे चांगलं ठाऊक होतं. तीही खाली बसली. दोघींनी मिळून काचा उचलल्या.

"बोट कापेल. सरक," बाई म्हणाल्या.

"तूच सरक. तुझा हात घसरतोय ना."

"चहा गरम होता."

"हो. चहानेच हात घसरतात." लेकीने फडकं आणलं, चहा टिपला, आणि घड्याळाकडे बघितलं. पावणेतीन. तिने बॅगेकडे बघितलं, आईकडे बघितलं. "आजींना तीनचं सांगितलंय," ती म्हणाली. "वाट बघत असतील."

बाईंनी ओठ आत घेतले. आता सुटतो की काय तो शब्द, असं वाटावं इतके आत. मग म्हणाल्या, "जा. माणसाला तिष्ठत ठेवू नये."

लेक गेली. बॅग दारापाशीच होती, पण किल्ली घेऊन मग बॅग न्यायला येणार असेल, हे न कळायला कुणी कुक्कुलं बाळ नव्हतं. बाईंनी ओलं फडकं परत पिळलं आणि टेबल पुसायला घेतलं. लिफ्टमननी एक डोळा उघडला. "अगं, कायदा विसरलीस? झालं ना ते? करायचं आता."

"कायदा घरातल्यांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही," बाई म्हणाल्या. "ती आली की तिला वाटेल, मी मुद्दाम ठेवलंय. थांब म्हणण्यापेक्षा हे वाईट." आणि त्यांनी सगळं पुसलं. फरशी ओली होऊन चकाकू लागली. बाई खडू मुठीत धरून तिथेच बसून राहिल्या. फरशी वाळत होती, आणि वाळता वाळता टेबलाची पुसट सावली वर येत होती. खडूचं तसंच असतं, एका पुसण्याने जात नाही. बाईंना वाटलं, आपण फार खोल पाण्यात बघतोय आणि तळाशी एक घर आहे. त्यात माणसं फिरतायत, आणि कुणाला घाई नाही.

सव्वाचार वाजता लेक आली. हातात किल्ली नव्हती. चपला काढल्या, फरशीकडे बघितलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पुसलंस?"

"चहा सांडला होता."

"एका कोपऱ्यात सांडला होता, आई." तिने दारातली बॅग पायाने आत सरकवली. "आजींना नको म्हणून सांगून आले. त्यांच्या भाच्याला हवीच होती ती खोली." मग तिने पुढे येऊन बाईंच्या मुठीतला खडू काढून घेतला. मूठ सहज उघडली नाही, एकेक बोट सोडवावं लागलं. "आणि तिथे नकोच होतं टेबल. चष्म्याच्या भिंगावर सरळ ऊन आलं की मला काही दिसत नाही. तू कधी विचारलंस का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"विचारायचं. नुसतं आखायचं नाही."

लेक खाली बसली आणि खिडकीपासून दोन हात अलीकडे टेबल आखू लागली. पण तिची रेघ! निघाली एकीकडे आणि गेली भलतीकडे. एक बाजू पाच फूट, समोरची पाच फूट आणि वर दोन बोटं. एक कोपरा तर इतका बाहेर पडला, की टेबल जांभई देतंय असं दिसावं. बाई बघत होत्या. त्यांचे हात मांडीवर होते आणि मांडीवरच राहावेत म्हणून त्यांनी ते एकमेकांत घट्ट अडकवले होते. लिफ्टमन तो तमाशा बघायला पूर्ण जागे होऊन बसले होते. बायको गप्प बसलेली बघणं त्यांच्या वाट्याला रोज येत नसे.

"तीन आठवडे थांबायचं का?" लेकीने विचारलं.

"तुझं टेबल. तू सांग."

"उद्या रविवार आहे."

"उद्या मग."

रविवारी सकाळी बोळातली फळी बाहेरच्या खोलीत आडवी झाली, दोन खुर्च्यांच्या पाठींवर. बोळ एकदम रुंद झाला आणि इस्त्रीवाली सवयीने अंग तिरकं करून आत आली. लेकीचं जांभई देणारं टेबल बाईंनी जसंच्या तसं फळीवर उतरवून घेतलं, दोन बोटांच्या फरकासकट. रेघांकडे बघितलं. सवयीने चहाला उठल्या, पण अर्ध्या वाटेतून परत आल्या.

"पाय कसे जोडू?" त्यांनी विचारलं. "सरस लावून चिकटवले की ते फळीचेच होतात. पुन्हा निघत नाहीत."

लेकीने विचार केला. बाईंनी ते उत्तर येईपर्यंत करवतीचे दात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.

"स्क्रू लाव," लेक म्हणाली. "कधी कुठे न्यायचं झालं तर उघडता येईल."

बाईंनी डब्यातले स्क्रू फळीवर मोजून मांडले. इस्त्रीवालीनेही दोन उचलून दिले, आणि याची नोंद घ्यायला हवी.

"चार चार लावते एकेका पायाला," बाई शेवटी म्हणाल्या. "सुटायचे नाहीत आपोआप. तू उघडलेस तरच."

"चालेल."

करवत लागली. पहिल्या चार ओढींत भुसा पांढरा पडला, मग निळसर, मग मध्येच फिकट पिवळा. चौतीस वर्षांचा खडू लाकडाच्या रेषांत मुरला होता आणि आता पहिल्यांदाच हवेत येत होता. खोलीभर तो तरंगत राहिला. लिफ्टमनच्या पापण्यांवर बसला, इस्त्रीवालीच्या काळ्या साडीवर बसला, आणि ती कधी नव्हे ते झटकायचं विसरली. लेक फळीचं दुसरं टोक धरून होती. डोळे बारीक करून ती आपल्याच रेघेकडे बघत होती.

"आई, वाकडी आहे ना गं ही?"

"आहे," बाई करवत न थांबवता म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? धर नीट. हलू देऊ नकोस."